कपाटाची किल्ली

आमच्या शाळेत ग्रंथालयाच्या कपाटाला कायम कुलूप असे. आज मुलांच्या हाती इंटरनेट आहे. पण प्रकल्पासाठी पहिला दिसेल तोच मजकूर वहीत उतरतो. उतरवणं म्हणजे शिकणं नव्हे.

वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. तिथे ‘कृष्णा नदी’ असं देवनागरीत शोधावं. मात्र पहिला खंड १९७६ सालचा. जुन्या नोंदींतली धरणांची, लोकसंख्येची माहिती पुढे बदललेली असते. म्हणून ग्रंथपालांकडून भूगोलाचं नवं पुस्तक मागून ती ताडून पाहावी. मग आपल्या शब्दांत लिहावं आणि खाली पुस्तकाचं नाव, पान द्यावं.

शिक्षकांनी त्या शेवटच्या ओळीलाही गुण द्यावेत. आणि मधल्या सुट्टीत कपाट उघडं ठेवावं. पुस्तकं हाताळून फाटली तर चिकटवता येतात.