भाकीत चुकल्याचा आनंद

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा नवा हंगाम ऑगस्ट महिन्यात सुरू होतो आणि त्याआधीचे काही आठवडे भाकितांचे असतात. आपला संघ यंदा कितव्या क्रमांकावर राहील, कोणाकडून हरेल, नवा प्रशिक्षक नाताळपर्यंत तरी टिकेल का, याचा हिशेब जो तो चाहता मांडत असतो. नवल असे की, संघावर जिवापाड प्रेम करणारा चाहताच पुष्कळदा सर्वांत काळे भाकीत वर्तवतो. मे महिन्यात हंगाम संपतो, गुणतक्ता समोर येतो आणि एखाद्या वर्षी त्याला हसत हसत कबूल करावे लागते की, आपण फारच वाईट चित्र रंगवले होते.

चूक कबूल करताना माणूस सहसा खजील होतो. येथे मात्र तो आनंदी असतो. ज्यांच्या घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी या कबुलीकडे थोडे थांबून पाहावे. भाकिते आपणही करतो. 'बाबा आता पुन्हा चालतील असे वाटत नाही', 'या वयात आणखी काय सुधारणा होणार', 'यंदाचा हिवाळा काही मला निभत नाही' ही वाक्ये अनेक घरांत रोज उच्चारली जातात. फुटबॉलच्या चाहत्यात आणि आपल्यात एक मोठा फरक मात्र आहे. चाहत्याने घरी बसून काहीही म्हटले, तरी त्याने सामन्याचा निकाल बदलत नाही. घरातल्या भाकिताने रुग्णाच्या प्रकृतीचा निकाल बदलू शकतो.

लेस्टरचे नवल

चुकलेल्या भाकितांचे अलीकडच्या काळातील सर्वांत गाजलेले उदाहरण लेस्टर सिटी या संघाचे आहे. लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातील शहर. भारतीय वंशाची, विशेषतः गुजराती कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने राहतात. २०१४-१५ च्या हंगामात नाताळच्या सुमारास हा संघ प्रीमियर लीगच्या वीस संघांत तळाशी होता. तळाचे तीन संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत घसरतात. लेस्टरने अखेरच्या नऊपैकी सात सामने जिंकून ती नामुष्की कशीबशी टाळली आणि चौदावा क्रमांक मिळवला.

पुढच्या हंगामाआधी क्लाउदिओ रानिएरी या इटालियन प्रशिक्षकाची नेमणूक झाली. ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना फॅरो बेटांसारख्या चिमुकल्या प्रदेशाकडून मायदेशी पराभव झाल्यामुळे त्यांना ते पद सोडावे लागले होते. त्यामुळे या निवडीवर टीका झाली. लेस्टरमध्येच जन्मलेले, त्याच संघातून पुढे आलेले आणि नंतर दूरचित्रवाणीवरील समालोचक म्हणून प्रसिद्ध झालेले गॅरी लिनेकर यांनीही जाहीरपणे नाक मुरडले. अनेक क्रीडासमीक्षकांनी लेस्टर यंदा घसरणारच असे लिहिले. पैजा घेणाऱ्या कंपन्यांनी लेस्टरच्या विजेतेपदासाठी एकास पाच हजार असा भाव लावला होता.

पुढे घडले ते असे. जेमी वार्डी या खेळाडूने सलग अकरा लीग सामन्यांत गोल करून विक्रम केला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये येण्यापूर्वी हा गृहस्थ अपंगांसाठी आधारपट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करीत असे. अल्प किमतीत फ्रान्समधून आणलेला रियाद महरेझ त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २ मे २०१६ रोजी चेल्सी आणि टॉटनहॅम यांचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि लेस्टरचे विजेतेपद निश्चित झाले. अडतीस सामन्यांत केवळ तीन पराभव, ८१ गुण, आणि दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनल दहा गुणांनी मागे.

'लेस्टरने विजेतेपद मिळवले तर अंतर्वस्त्रांवर कार्यक्रम सादर करीन' असे लिनेकर हंगामाच्या मध्यावर बोलून बसले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी शब्द पाळला. साऱ्या देशाने ते पाहिले आणि सर्वांत जास्त आनंद बहुधा खुद्द लिनेकर यांनाच झाला असावा. विजेतेपदावर पैज लावलेल्या काही चाहत्यांना मात्र हुरहूर लागून राहिली. हंगाम संपण्याआधीच, शेवटी घात होणारच या धास्तीने, त्यांनी कमी रकमेवर पैज मोडून घेतली होती. विजय डोळ्यांसमोर दिसत असतानाही भीतीचा आवाज मोठा ठरला.

मन वाईटच का चिंतते

'मन चिंती ते वैरी न चिंती' अशी आपल्याकडे म्हण आहे. आवडत्या माणसाविषयी मन अधिकच वाईट चिंतते, याचे कारण प्रेमात आहे. अपेक्षा खाली ठेवली म्हणजे पुढचा घाव बोथट होईल, अशी मनाची समजूत असते. अमेरिकेतील ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये या वृत्तीच्या एका प्रकाराला 'बचावात्मक निराशावाद' असे नाव दिले. अशी माणसे काय काय बिघडू शकते याची आधीच कल्पना करतात आणि त्या काळजीच्या जोरावर कसून तयारी करतात. त्यांना बळेच आशावादी बनवायला गेले, तर त्यांची कामगिरी खालावूही शकते.

म्हणजे काळे भाकीत सर्वस्वी त्याज्य नाही. त्यातून पुढे काय निपजते, ते पाहावे. 'आई रात्री उठताना पडेल' या धास्तीपोटी न्हाणीघरात भिंतीला पकडदांडी बसवली, घसरणारे पायपुसणे काढले, खोलीत मंद दिवा ठेवला, तर ती धास्ती उपयोगी पडली. त्याच धास्तीपोटी 'तू उठूच नकोस, सगळे जागेवर देतो' असे ठरवले, तर प्रेमानेच अपाय केला असे होते.

खाटेवर लिहिलेला निकाल

हा अपाय कसा होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात राहण्यास सांगण्यात आले. ते आजारी नव्हते आणि त्यांना पुरेसे अन्नही मिळत होते. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो वजनाची चरबीविरहित ऊती, मुख्यतः स्नायू, झडून गेली. आजारपणात भूक मंदावलेली असते आणि शरीर आधीच झिजलेले असते. तेव्हा ही हानी आणखी वेगाने होऊ शकते. म्हणूनच खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांना, अन्य अडचण नसल्यास, दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करावे, असा आजच्या वैद्यकशास्त्राचा आग्रह असतो.

आता त्याच रुग्णाच्या घरी 'आता या काही चालत नाहीत' असे भाकीत झाले आहे असे समजा. मग वॉकर कोपऱ्यात पडून राहतो. फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या 'उगाच त्रास कशाला' म्हणून बंद होतात. जेवण खाटेवर आणि शौचही खाटेवर. महिन्याभरात पायांतील उरलेली शक्ती जाते, बद्धकोष्ठ जडते, पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो. अखेर घरचे म्हणतात, 'आम्हाला वाटलेच होते.' भाकीत खरे ठरले खरे. परंतु ते खरे ठरवण्यात घराचाही हात होता. फुटबॉलच्या चाहत्याला अशी शक्ती नसते आणि म्हणून अशी जबाबदारीही नसते.

वृद्ध व्यक्तीचे स्वतःविषयीचे भाकीतही असेच काम करते. येल विद्यापीठातील बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीपुढील व्यक्तींचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्नान, कपडे घालणे, चालणे यांसारख्या दैनंदिन क्रियांत तीव्र परावलंबित्व आल्यानंतर ज्यांच्या मनात वार्धक्याविषयी अनुकूल कल्पना होत्या, त्यांची पूर्णपणे सावरण्याची शक्यता प्रतिकूल कल्पना असणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी अधिक आढळली. केवळ चांगल्या विचारांनी हाड सांधते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु 'यातून माणसे सावरतात' असे मानणारा मनुष्य व्यायामाला उठतो, औषध वेळेवर घेतो, चार घास जास्त खातो. फरक पडण्याचे एक कारण यात असू शकते.

आशेचीही कसोटी

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आजारातील भाकिते नेहमी निराशेकडेच झुकतात असे नाही. २००० साली अमेरिकेतील एका अभ्यासात अखेरच्या अवस्थेतील रुग्णांच्या आयुर्मर्यादेविषयी डॉक्टरांनी केलेले अंदाज तपासले गेले. सुमारे वीस टक्के अंदाज बरोबर निघाले, सतरा टक्के अंदाज प्रत्यक्षापेक्षा निराशावादी ठरले आणि तब्बल त्रेसष्ट टक्के अंदाज अतिआशावादी होते. अशा खोट्या आशेपायी कष्टदायक उपचार लांबतात आणि सोबत बसून बोलण्याचे दिवस रुग्णालयाच्या फेऱ्यांत संपतात.

लेस्टरचीही पुढची कथा सांगायला हवी. विजेतेपदानंतरच्याच हंगामात संघ पुन्हा घसरणीच्या छायेत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरी यांना पदमुक्त करण्यात आले. एक भाकीत चुकले म्हणून त्याच्या उलट टोकाचे भाकीत खरे ठरत नाही. पक्षाघातातून सावरणारा रुग्ण आणि असाध्य कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्ण यांची उद्दिष्टे वेगळी असतात. पहिल्यासाठी दहा पावले चालणे हे यश असेल; दुसऱ्यासाठी वेदनेविना गेलेली संध्याकाळ, नातवाशी मारलेल्या गप्पा हे यश असेल. उद्दिष्टच नसणे मात्र दोघांनाही मारक आहे.

चाळीस गुणांचे धोरण

रानिएरी हंगामभर एकच आकडा सांगत राहिले: चाळीस गुण. घसरण टाळण्यासाठी साधारण एवढे गुण पुरेसे मानले जातात. संघ अग्रस्थानी असतानाही ते विजेतेपदाचे नाव घेत नसत. हंगाम निम्मा होताना चाळीस गुण जमले, तेव्हा त्यांनी पुढचे पाऊल सांगितले. शुश्रूषा करणाऱ्यांनी यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, भाकीत मोघम न ठेवता तारखेसह वहीत लिहावे. 'बाबांचे कठीण आहे' असे न लिहिता 'महिनाअखेर बाबा आधाराने शौचालयापर्यंत जातील असे वाटत नाही' असे स्पष्ट लिहावे. याला कारण आहे. निकाल कळल्यावर आपली स्मृती आपल्याच भाकितात फेरफार करते. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन व रशिया भेटींविषयी लोकांकडून आधी अंदाज घेतले आणि नंतर ते आठवायला सांगितले. जे घडले, ते घडेल असे आपण होतो त्याहून अधिक ठामपणे म्हटले होते, असे अनेकांना वाटू लागले होते. वही नसेल तर 'मला ठाऊकच होते' एवढेच उरते.

दुसरी गोष्ट, उद्दिष्ट लहान आणि मोजता येण्याजोगे असावे. या आठवड्यात दिवसातून तीनदा खुर्चीत बसणे. पुढच्या आठवड्यात दारापर्यंत जाणे. हे उद्दिष्ट डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलूनच ठरवावे. 'बरे होतील का?' या प्रश्नाला नेमके उत्तर नसते. 'पुढच्या पंधरा दिवसांत काय साधता येईल आणि कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवू?' या प्रश्नाला ते मिळू शकते.

तिसरी गोष्ट, ठरावीक दिवशी वही उघडून भाकीत तपासावे. चुकले असेल तर ते बदलावे आणि त्याप्रमाणे घरची व्यवस्थाही बदलावी. आई स्वतः वेणी घालू लागली असेल, तर कंगवा पुन्हा तिच्या हाताशी ठेवावा.

चौथी गोष्ट, वृद्ध व्यक्तीचे काळे बोलणे नेहमीच स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक बिघडली, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, तर ते नैराश्य असू शकते. उतारवयातही त्यावर चांगले उपचार होतात. जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

आणि भाकीत चुकले, तर ते ज्याच्याविषयी केले होते त्याला तसे मोकळेपणाने सांगावे. 'तुम्ही पुन्हा अंगणात याल असे आम्हाला वाटले नव्हते, बाबा. आमचे चुकले.' एवढे वाक्य पुरेसे आहे. आपल्याविषयी घराने आशा सोडली होती, हे बहुतेक वृद्धांना न सांगताही कळलेले असते. ती आशा परत आली आहे, हे मात्र शब्दांत सांगावे लागते.