तुमच्या वेबसाइटवर बटण आहे, पण ते ऐकू येतं का?



मागच्या बॅचची नोंदणी चालू होती तेव्हाची गोष्ट. दुपारी एक फोन आला. "सर, फी भरायला बसलोय, पण तुमच्या पानावर बटणच नाही."

मी म्हटलं, "अहो, खाली केवढं मोठं केशरी बटण आहे!"

"असेल सर. मी पूर्ण अंध आहे. माझा कॉम्प्युटर मला वाचून दाखवतो, आणि तो म्हणतोय, बटण नाही."

हे काका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर घरच्या घरी फिनाइल आणि लिक्विड सोप बनवून विकायचा त्यांचा विचार होता. मी पटकन बोलून गेलो, "घरातल्या कुणाकडून तरी फॉर्म भरून घ्या ना." ते म्हणाले, "साध्या फॉर्मलासुद्धा दुसरा माणूस लागणार असेल, तर मी धंदा कसला करणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "कस्टमरसाठी दार उघडं ठेवा" असं मी दर व्हिडिओत सांगतो, आणि माझंच दार बंद होतं. म्हणून आज हा विषय.

आधी समजून घेऊ, अंध व्यक्ती कॉम्प्युटर कसा वापरते

त्यासाठी स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं. काका एनव्हीडीए वापरतात. ऑस्ट्रेलियात मायकल करन या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रामरने २००६ मध्ये ते सुरू केलं. विंडोजवर चालतं, फुकट आहे, मराठीही वाचतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असतो.

यात माउस लागत नाही, सगळं काम कीबोर्डवर. एनव्हीडीएमध्ये वेबपान वाचताना एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटण. पण एक लक्षात घ्या. स्क्रीन रीडर पानाचं चित्र बघत नाही, तो पानामागचा कोड वाचतो. माझं केशरी बटण दिसायला बटण होतं, कोडमध्ये मात्र तो 'डिव्ह' नावाचा नुसता चौकोन होता. क्लिक केल्यावर काय करायचं ते जावास्क्रिप्टने जोडलेलं. डोळ्यांना बटण, कानांना काहीच नाही!

मग जावास्क्रिप्ट वाईट का? अजिबात नाही. स्क्रीन रीडर क्रोम, फायरफॉक्सबरोबरच चालतो, त्यामुळे स्क्रिप्ट त्यांच्याकडेही चालते. अडचण एवढीच, की स्क्रिप्टने पानावर केलेला बदल आपल्याला दिसतो आणि त्यांना कुणी सांगत नाही.

डेव्हलपरकडून या चार गोष्टी करून घ्या

१. बटण म्हणजे बटणच. कोडमध्ये बटणासाठी 'बटन' टॅग आहे, तोच वापरायचा. तो वापरला की टॅब दाबून तिथे पोचता येतं, एंटर किंवा स्पेस दाबलं की काम होतं आणि स्क्रीन रीडर 'बटण' असं सांगतो. तारीख किंवा साइज निवडायच्या यादीसाठी साधा 'सिलेक्ट' टॅग घ्या. दिसायला थोडा साधा असेल, पण चालतो. बटणावर नुसतं पिशवीचं चित्र असेल, तर कोडमध्ये त्याला 'कार्ट पाहा' असं नाव द्या.

२. प्रत्येक रकान्याला नाव जोडा. 'मोबाइल नंबर' हे शब्द रकान्याशेजारी दिसतात, पण 'लेबल' टॅगने त्याला जोडलेले नसतात. मग समोरच्याला टॅब दाबल्यावर फक्त 'रिकामा रकाना' एवढंच ऐकू येतं. त्यात नाव लिहायचं की पिनकोड?

३. बदल झाला की बोलून सांगा. 'कार्टमध्ये जमा झालं' किंवा 'नंबर चुकला' हा मेसेज दोन सेकंद चमकून जातो. अंध ग्राहकाला वाटतं काही झालंच नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो. दोन ऑर्डर पडतात आणि मग रिफंडची कटकट! यावर उपाय आहे 'एरिया'. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तो २०१४ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारला. मेसेजच्या जागेला 'एरिया-लाइव्ह' लावलं, की तिथे आलेला मजकूर आपोआप वाचला जातो. ती जागा मात्र पानावर आधीपासून रिकामी ठेवलेली हवी.

४. पॉपअप उघडला की फोकस आत जायला हवा. नाहीतर पॉपअप वर उघडतो आणि ग्राहक मागच्या पानावरच फिरत राहतो. एस्केप दाबल्यावर पॉपअप बंद व्हावा आणि माणूस जिथून आला तिथेच परत पोचावा. 'डायलॉग' टॅग नीट वापरला तर यातलं बरंचसं काम ब्राउझरच करतो.

शॉर्टकट विकणाऱ्यांपासून सावध

"आमची एक ओळ टाका, पूर्ण साइट दिव्यांगांसाठी तयार," असं सांगणारे भेटतील. असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १० लाख डॉलर भरायला लावले. मूळ कोड चुकलेला असेल तर वरून मलमपट्टी करून भागत नाही.

"पण सर, असे ग्राहक असतात किती?"

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ५० लाख लोकांनी दृष्टीची अडचण नोंदवली होती. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक साधा हिशोब उरतो. दुकानात आलेलं गिऱ्हाईक पायरी उंच म्हणून परत गेलं, तर आपण पायरी दुरुस्त करतो. इथे गिऱ्हाईक परत गेलेलं कळतसुद्धा नाही. काकांनी फोन केला म्हणून मला कळलं. न सांगता किती जण गेले असतील?

या आठवड्याचा गृहपाठ

माउस बाजूला ठेवा. फक्त टॅब, एंटर आणि स्पेस वापरून स्वतःच्या साइटवर एक ऑर्डर पूर्ण करा. जमली, तर एनव्हीडीए टाका, मॉनिटर बंद करा आणि तीच ऑर्डर पुन्हा द्या. आवाज थांबवायला कंट्रोल दाबायचं. जिथे अडाल ते वहीत लिहा आणि ती यादी डेव्हलपरला द्या. शक्य असेल तर एखाद्या अंध व्यक्तीकडून साइट तपासून घ्या, आणि त्या कामाचे पैसे द्या. फुकटात सल्ला मागू नका.

माझं पान दुरुस्त व्हायला एक दुपार लागली. संध्याकाळी काकांना फोन केला आणि लाइनवर थांबलो. पलीकडे कीबोर्डचा आवाज, मग त्यांच्या कॉम्प्युटरचा भरभर बोलणारा आवाज. थोड्या वेळाने काका म्हणाले, "बी दाबलं सर. बटण आलं."

पाच मिनिटांत फी जमा झाली. फॉर्म त्यांनी स्वतः भरला होता.