वलयाकार आरएनए : यकृताच्या कर्करोगाचा नवा साक्षीदार

वलयाकार, म्हणजे टोके जोडून बंद झालेल्या, आरएनएचा यकृताशी असलेला संबंध कर्करोगाच्या संशोधनाआधीच जुळला होता. १९७७ मध्ये इटलीतील मारिओ रिझेत्तो यांनी हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णांच्या यकृतात एक अनोळखी प्रतिजन पाहिले. पुढे ते डेल्टा नावाच्या वेगळ्या विषाणूचे असल्याचे ठरले, आणि १९८६ मध्ये त्याचा जनुकसंच सुमारे १,७०० घटकांच्या बंद आरएनए-वलयाचा असल्याचे सिद्ध झाले. त्याआधी १९७६ मध्ये जर्मनीतील हाइन्झ झेंगर आणि सहकाऱ्यांनी वनस्पतींना रोग करणाऱ्या व्हायरॉइडांत अशी वलये दाखवली होती. १९७९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ती प्राणिपेशींच्या पेशीद्रवातही दिसली. तरीही त्यानंतर तीन दशके, पेशीकडून जोडणीत झालेली चूक एवढेच त्यांचे मोल मानले गेले. २०१२-१३ च्या सुमारास आरएनए-क्रमवाचनाची तंत्रे आणि संगणकीय विश्लेषण पुढे गेले, तेव्हा माणसाच्या पेशींत अशी हजारो वलये असल्याचे उघड झाले.

जनुकावरून उतरवलेल्या आरएनएमधून इंट्रॉन नावाचे तुकडे वगळले जातात आणि एक्झॉन नावाचे तुकडे क्रमाने सांधले जातात, ही नेहमीची रीत. वलय तयार होताना पुढच्या एक्झॉनचे शेवटचे टोक मागे वळून आधीच्या एक्झॉनच्या सुरुवातीला जोडले जाते. या प्रक्रियेला उलट-जोडणी म्हणता येईल. घटकांनुसार वलयांचे तीन मुख्य वर्ग पडतात : केवळ एक्झॉनांची, केवळ इंट्रॉनांची आणि दोन्ही असलेली. पहिल्या वर्गातील वलये बहुतांशी पेशीद्रवात आढळतात, तर उरलेल्या दोन वर्गांतील मुख्यतः केंद्रकात.

जैवसूचक, म्हणजे रोगाची खूण दाखवणारा रेणू, म्हणून वलयांचे मोल या रचनेतूनच येते. आरएनएचे विघटन करणारी अनेक विकरे रेणूला टोकाकडून कुरतडत जातात. वलयाला टोकच नसल्याने ते त्यांच्या तावडीतून सुटते. पेशींतील प्रयोगांत अनेक वलये ४८ तासांहून अधिक टिकली, तर त्याच जनुकांचे सरळ रेणू त्याच्या बऱ्याच आधी नष्ट झाले. ही वलये पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पुटिकांतही आढळतात आणि त्यांच्याबरोबर रक्तात येतात. शिवाय उलट-जोडणीच्या सांध्यावरील घटकक्रम सरळ रेणूत नसतो. त्यामुळे त्या सांध्याला लक्ष्य करणारी पीसीआर चाचणी नेमके तेच वलय मोजू शकते.

अशा सूचकाची गरज का, याचे उत्तर यकृताच्या कर्करोगाच्या स्वभावात आहे. यकृतात सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ७५ ते ८५ टक्के यकृतपेशींचे असतात. हिपॅटायटिस बी व सी, मद्य, मधुमेहासोबत येणारे मेदयुक्त यकृत आणि बुरशी लागलेल्या धान्यातील अफलाटॉक्सिन ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. गाठ लहान असताना वेदना नसते. काविळीने डोळे पिवळे होईपर्यंत रोग बहुधा पुढे गेलेला असतो, आणि त्यातच झाडपाल्यावर किंवा माळेवर कावीळ उतरण्याची वाट पाहण्यात महिने गेले, तर शस्त्रक्रियेची संधीही जाते. रक्तातील प्रचलित सूचक म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, अर्थात एएफपी. १९६३ मध्ये गॅरी अबेलेव्ह यांनी ते उंदरांच्या यकृतगाठींत आणि १९६४ मध्ये युरी तातारिनोव्ह यांनी मानवी रुग्णांत दाखवले. परंतु लहान गाठी असलेल्या अनेकांत एएफपी वाढत नाही, तर सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर होण्याच्या विकारात, कर्करोग नसतानाही ते वाढू शकते.

हीच उणीव भरून काढण्याच्या हेतूने वलयांचा अभ्यास सुरू झाला. २०२० मध्ये चीनमधील संशोधकांनी हिपॅटायटिस बीशी निगडित यकृत-कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात तीन वलयांचा संच तपासला. त्यांच्या अभ्यासात कर्करोग ओळखण्यात हा संच एएफपीपेक्षा सरस ठरला. पूर्वानुमानासाठीही काही वलयांनी आशा दाखवली आहे. २०१७ मध्ये वर्णिलेले सर्क-एमटीओ१ गाठीत कमी आढळले, आणि ते जितके कमी तितके रुग्णाचे आयुर्मान कमी, असा संबंध दिसला. हे वलय मायआर-९ या सूक्ष्म आरएनएला धरून ठेवते आणि त्यामुळे पेशीविभाजनाला आवर घालणारे पी२१ प्रथिन वाढते. २०१८ मध्ये स्मार्का५ जनुकाच्या वलयाबाबतही असाच निष्कर्ष निघाला. सूक्ष्म आरएनए धरून ठेवणे हे मात्र सर्वच वलयांचे कार्य समजू नये.

एवढे असूनही वलयाकार आरएनएची कोणतीही चाचणी अद्याप यकृताच्या कर्करोगाच्या नित्य निदानात आलेली नाही. प्रसिद्ध झालेले बहुतेक अभ्यास निदान झालेल्या रुग्णांची निरोगी व्यक्तींशी तुलना करतात. खरी कसोटी मात्र सिरॉसिस असलेल्या, पण अजून कर्करोग न झालेल्या माणसाच्या रक्तात लागते. त्यातच रक्तातील बिंबिकांत आणि तांबड्या पेशींत वलये विपुल असतात. नमुना घेताना किंवा नेताना त्या फुटल्या, तर आकडा बदलतो. हिंगोली जिल्ह्यातील वसमत वा कळमनुरीहून दूरच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या नळीसाठी हा मुद्दा निर्णायक आहे.

तूर्त रुग्णाच्या हाती असलेली साधने जुनी, पण खात्रीची आहेत : जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस, २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून बी व सीची मोफत तपासणी व उपचार, आणि सिरॉसिस असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. वसमतच्या हळदीचा अभिमान सार्थ आहे. मात्र यकृताच्या कर्करोगावरील औषध म्हणून हळदीतील कर्क्युमिन सिद्ध झालेले नाही, आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सुलांनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

वलयांची खरी कसोटी घेण्यासाठी लागणाऱ्या नोंदी ग्रामीण भागातही दीर्घकाळ चिकाटीने ठेवता येतात, हे बार्शीने दाखवले आहे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी १९८७ मध्ये सुरू झालेली कर्करोग नोंदणी ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी होय. मराठवाड्यातील सिरॉसिसच्या रुग्णांचे रक्तद्रव प्रत्येक सोनोग्राफीच्या वेळी जपून ठेवले आणि पुढे कोणाला गाठ झाली याची नोंद तशाच निष्ठेने केली, तर चीनमधील रुग्णांवर तपासलेली वलये आपल्याकडे, मद्य व मेदाने बिघडलेल्या यकृतांतही, तेच सांगतात का, हे ठरवता येईल.