ओले कपडे, ड्रायर आणि वीज: वस्तीतल्या घरांसाठी



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारातल्या वंदनेसाठी पांढरी वस्त्रे धुतली जातात आणि नेमके याच महिन्यांत वस्तीत कपडे वाळत नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत मुलांचे गणवेश दोन-दोन दिवस दमट राहतात. असे कपडे घातल्याने जांघेत, काखेत गजकर्ण वाढते. खोलीतल्या ओलीने भिंतीला बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाचा त्रास वाढतो. म्हणून अनेक घरांत आता ड्रायरवाले मशीन आले आहे. ही सोय चांगलीच आहे. पण ओली मोरी, अनवाणी पाय आणि वीज एकत्र आली की धोकाही घरात येतो. कपडे धुण्याचे काम बहुतेक घरांत आई-बहिणीच करतात, म्हणून हा धोका आधी त्यांना आहे.

ड्रायर कोणता घ्यावा?

दोन टबच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला लहान टब कपडे गरम करत नाही. तो मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेऊन पाणी पिळून काढतो. त्याला वीज कमी लागते. पिळलेले कपडे पंख्याखाली काही तासांत वाळतात. एका खोलीच्या घराला एवढे पुरते.

हीटरचा ड्रायर वेगळा असतो. दोन हजार वॉटचा ड्रायर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. पंखा-दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावला तर वायर तापते, वितळते आणि आग लागते. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर लागते. काही प्रकारांत दमट गरम हवा नळीने घराबाहेर सोडावी लागते, नाहीतर सगळी ओल घरातच राहते. जाळीत साठलेला कापसाचा भुगा दर वेळी काढावा. तो पटकन पेटतो.

तिसरी पिन कशासाठी?

तीन पिनांमधली मोठी पिन अर्थिंगची. मशीनच्या आत वायरचे आवरण उंदराने कुरतडले किंवा पाणी शिरले तर वीज मशीनच्या अंगावर येते. अर्थिंग असेल तर तिला जमिनीत जायला सोपी वाट मिळते. नसेल तर हात लावणाऱ्या बाईचे शरीर हीच ती वाट होते. मशीन प्लॅस्टिकचे असले तरी आतली मोटर लोखंडाची आहे आणि टबात पाणी आहे, हे विसरू नये.

खांबावरून घरात बहुधा फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात. अर्थिंग आपल्याकडे जमिनीत करून घ्यावे लागते. बोर्डला तीन भोके आहेत म्हणजे अर्थिंग आहे असे नाही. मागे हिरवी वायर जोडलेली आहे का, ती जमिनीपर्यंत जाते का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मोठी पिन काढून दोन पिनांवर मशीन चालवू नका. अर्थिंगची वायर नळाला बांधू नका. शेजारच्या नळालाही शॉक येऊ शकतो.

बटण पडते, मग भीती कशाची?

पुष्कळांना वाटते, एमसीबी आहे, शॉक लागला तर बटण पडेल. तसे होत नाही. १६ अँपिअरची एमसीबी वायर वाचवते. माणसाचा जीव अँपिअरच्या दहाव्या भागानेही जाऊ शकतो. एवढी वीज एमसीबीला कळतही नाही. माणसासाठी वेगळे यंत्र लागते, त्याला आरसीसीबी म्हणतात. जाणारी आणि परत येणारी वीज सारखी नसेल, म्हणजे काही वीज बाहेर गळत असेल, तर ते क्षणात पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. त्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. आरसीसीबी आणि एमसीबी दोन्ही हवेत. मशीनचे पैसे साठवताना याचेही पैसे त्यात धरा.

रोजच्या सवयी

- मशीन मोरीच्या कठड्याबाहेर, कोरड्या जागी, चारही पाय टेकतील असे ठेवा.
- एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका.
- पाणी भरताना, मशीन पुसताना आधी स्विच बंद करून पिन काढा. हात कोरडे, पायात चप्पल.
- टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका. मुलांना जवळ येऊ देऊ नका.
- कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी वापरा. पत्र्याच्या कडेने वायर कापली तर पत्रा आणि त्याला बांधलेली तार, दोन्हींत वीज उतरते. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला दोरी बांधू नका.
- पेटत्या गॅसवर, शेगडीवर कपडे वाळवू नका.

शॉक लागला तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला सोडवा. १०८ ला फोन करा. माणूस हाक देऊन हलत नसेल आणि श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोरात दाब द्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या. विजेची इजा बाहेर लहान आणि आत मोठी असू शकते.

एकट्याने नाही, सगळ्यांनी

मशीनला हात लावताच झिणझिण्या येतात तेव्हा "पावसाळ्यात होतंच" म्हणून सोडून देऊ नका. धम्म आपल्याला कारण शोधायला शिकवतो. झिणझिण्यांचे कारण गळती आहे आणि ते दूर करता येते. भाड्याच्या खोलीत मालक ऐकत नसेल तर सगळ्या भाडेकरूंनी मिळून अर्थिंग मागावे. वर्षावासापूर्वी विहार समितीने परवानाधारक वायरमन बोलावून एकेका गल्लीची तपासणी करून घ्यावी. खर्च वाटला की हलका होतो. खांबावरची लोंबती तार महावितरणला १९१२ वर कळवावी.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. वीज आपल्या घरात हक्काने यावी आणि सुरक्षित यावी, ही मागणी आपणही तितक्याच नेटाने केली पाहिजे.

नमो बुद्धाय!