दाढीच्या फेसाची वाटी

खांदेश्वर हे हार्बर मार्गावरचे पनवेलच्या अलीकडचे स्थानक. सानपाड्याला उतरून वाशीच्या बाजार समितीत जाणारे आणि थेट मस्जिद बंदरच्या पेढीवर पोहोचणारे, अशा दोन्ही प्रकारच्या व्यापारी मंडळींची पहाट येथे घड्याळाच्या काट्यावर चालते. या घाईत दाढीला मिळतात जेमतेम पाच मिनिटे. बेसिनचा नळ वाहत असतो, डब्याची कळ दाबली की तयार फेस हातात येतो आणि काम उरकते. अलीकडे मात्र घरातील तरुण मुले पुन्हा ब्रश आणि साबणाकडे वळू लागली आहेत आणि त्यांच्याकडून एक साधा प्रश्न येतो : फेस करण्यासाठी वाटी कोणती घ्यावी? प्रश्न लहान आहे. पण वस्तू निवडताना तिच्यामागील हिंसा, अपव्यय आणि आरोग्य यांचा विचार करण्याची सवय ज्या घरांत आहे, तेथे त्याचे उत्तरही थोडे सविस्तर द्यायला हवे.

प्रथम वाटीचे काम समजून घेऊ. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी मुरले की दोन-तीन मिनिटांत तो मऊ होतो. साबणाचा फेस हे पाणी केसांपाशी धरून ठेवतो आणि पात्याला घसरण्यासाठी ओलसर थर देतो. डब्यातील फेस वायूच्या दाबाने फुगवलेला असतो. वाटीत ब्रशने घोटलेला फेस दाट आणि पाणीदार होतो, कारण पाणी किती घालायचे हे आपल्या हाती असते. तोच फेस गालावरही करता येतो. परंतु नाजूक त्वचेवर ब्रश फार वेळ फिरवल्यास चुरचुर होते. वाटी हे घर्षण स्वतःकडे घेते.

आपल्याकडे ही वाटी पिढ्यान्‌पिढ्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, आरसा यांच्या शेजारी राहिली. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकात चहाच्या किटलीसारखे तोंड असलेले मग निघाले : खाली गरम पाणी, वर साबण. अमेरिकेतील केशकर्तनालयांत गिऱ्हाइकांच्या नावांचे स्वतंत्र मग फळीवर मांडलेले असत. १९०४ मध्ये जिलेट यांना सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे रेझर वाटले गेले आणि दाढी दुकानातून घरात आली. वाटीही तिच्यासोबत घरात आली.

आता धातूंकडे वळू. पितळेची वाटी जड असते, हातात स्थिर राहते आणि गरम पाण्याने एकदा तापवली की जाड बुडामुळे काही वेळ ऊब टिकवते. मात्र साबण क्षारधर्मी असल्याने, ओली राहिलेली पितळ किंवा तांबे हिरवट पडते. म्हणून आतून कल्हई केलेली वाटी घ्यावी किंवा वापरानंतर ती लगेच पुसण्याची शिस्त ठेवावी. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी आजही हातोडीने ठोकून घडवली जातात. या मठारकामाने पत्र्याला बळकटी येते आणि आतील बारीक खळग्यांवर साबण लवकर सुटतो. कारागिराच्या हातची एक वाटी घेतली तर ती वडिलांकडून मुलाकडे जाईल इतकी टिकते. काशाचे भांडे देखणे असते, पण तो धातू ठिसूळ असल्याने ओल्या फरशीवर पडले तर तडकण्याचे भय राहते.

स्टीलची वाटी स्वस्त, स्वच्छ आणि निर्धोक. तिचा एकच दोष : पत्रा पातळ असल्यास ती लवकर थंड होते. नवी मुंबईच्या हवामानात हा दोष वर्षातील फार थोड्या दिवसांत जाणवेल. ॲल्युमिनियम टाळावे, साबणाच्या क्षाराने ते काळपट पडते. चिनी मातीचा मग ऊब उत्तम धरतो, पण ओल्या हातातून निसटला की संपला. प्लास्टिक फुटत नाही आणि प्रवासाला सोयीचे पडते. लाकडी वाटी सतत ओलीसुकी होऊन भेगाळते. आपल्या कोकणपट्टीत मात्र एक पर्याय फुकट उपलब्ध आहे, तो म्हणजे नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी. तिला बुडाशी कडे बसवले की ती डगमगत नाही.

आकाराविषयी इतकेच लक्षात ठेवावे की तोंड १० ते १२ सेंटीमीटर रुंद आणि खोली ५ ते ७ सेंटीमीटर असावी. उथळ भांड्यातून फेस बाहेर उडतो, तर अरुंद भांड्यात ब्रश नीट फिरत नाही. बूड गोल आणि जड असावे, आतील बाजूस थोडा खडबडीतपणा किंवा कडी असाव्यात आणि बाहेरून बोटांना पकड मिळावी. स्वयंपाकघरातील जुनी वाटी या कामाला घेतली, तर ती कायमची न्हाणीघरातच ठेवावी. जेवणाच्या भांड्यांत ती पुन्हा मिसळू नये.

वाटीइतकाच, किंबहुना अधिक विचार ब्रशचा करायला हवा; कारण खरी जीवहिंसा तेथे दडलेली असते. 'बॅजर' लिहिलेला ब्रश बिज्जूसारख्या प्राण्याला मारून मिळवलेल्या केसांचा असतो. 'प्युअर ब्रिसल' किंवा 'बोअर' म्हणजे डुकराचे राठ केस. घोड्याच्या शेपटीचे वा आयाळीचे केस प्राणी न मारताही कापता येतात, परंतु ते कसे मिळवले याची खात्री गिऱ्हाइकाला होत नाही. कृत्रिम तंतूंचे ब्रश आज इतके मऊ मिळतात की फेसात काही उणे राहत नाही. ते लवकर वाळतात आणि त्यांना कुबट वासही येत नाही. येथे आरोग्याचा धडाही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दूषित ब्रशांतून ब्रिटन व अमेरिकेत अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळीचे रुग्ण आढळले आणि त्यात काहींचे प्राणही गेले. तेव्हा ज्याचा त्याचा ब्रश आणि ज्याची त्याची वाटी वेगळी असावी. पिता-पुत्रांनीही ती वाटून घेऊ नये.

साबणाची गोष्ट आपल्याच मुंबईशी जोडलेली आहे. पूर्वी साबणात प्राण्यांची चरबी सर्रास वापरली जाई. १८९७ मध्ये लालबागला कुलुपांचा कारखाना सुरू करणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलांपासून साबण बनवून बाजारात आणला. शाकाहारी कुटुंबांसाठी ही मोठीच सोय होती. आजही दाढीच्या साबणातील स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन वनस्पतीजन्य असू शकते, तसेच प्राणिजन्यही. वेष्टनावर हिरवा ठिपका आहे का, हे पाहावे. नसल्यास उत्पादकाकडे विचारणा करावी. ब्रशच्या वेष्टनावर मात्र असा ठिपका सहसा नसतो, म्हणून 'सिंथेटिक' हा शब्द शोधावा.

शेवटी पाणी. नळातून मिनिटाला ६ लिटर पाणी वाहते असे धरले, तर पाच मिनिटांच्या दाढीत ३० लिटर पाणी वाया जाते. वाटी, ब्रश आणि पाते धुण्यासाठी एक तांब्याभर पाणी ठेवले, तर दीड लिटरमध्ये भागते. घरात दोन पुरुष असतील तर दिवसाला ५७ लिटर आणि वर्षाला २० हजार लिटरहून अधिक पाण्याची बचत होते. जेथे पाण्याच्या थेंबातही जीव मानला जातो, तेथे ही संख्या केवळ बिलाची नाही. अनर्थदंड म्हणजे प्रयोजनाविना घडणारी हिंसा, आणि बंद करता येण्याजोगा नळ उघडा ठेवणे हे तिचे अगदी रोजचे उदाहरण होय. ज्या सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येते, तेथे फेस नीट होत नाही आणि साबणाची फुटकी साय तरंगते. अशा वेळी गाळलेले, उकळून निवत ठेवलेले थोडे कोमट पाणी वाटीत घ्यावे.

दाढी झाली की वाटी धुऊन, पुसून उपडी ठेवावी आणि ब्रश झटकून टांगावा. मळकट पाणी वाटीत साचू देऊ नये, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही.

म्हणून तरुणांना सल्ला इतकाच : महागडा संच घेण्याची गरज नाही. जाड बुडाची स्टीलची किंवा कल्हईची पितळी वाटी, कृत्रिम तंतूंचा ब्रश आणि हिरव्या ठिपक्याचा साबण एवढे पुरे. मुलाला पहिल्यांदा मिसरूड फुटते, तेव्हा वडिलांनी या तीन वस्तू त्याच्या हाती द्याव्यात आणि नळ केव्हा बंद करायचा हेही त्याच वेळी सांगावे.