मध्यम भांडवली निर्देशांक : रचना, गणना आणि अर्थबोध

प्रस्तावना

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर शासकीय व अनुदानित सेवेत नियुक्त झालेल्यांना अंशदानावर आधारित निवृत्तिवेतन योजना लागू झाली. उतारवयातील उत्पन्नाचा काही भार त्यामुळे बाजारावर आला. येलदरीसारख्या ग्रामीण परिसरातील प्राध्यापकही म्युच्युअल फंडात रक्कम गुंतवू लागले. ‘मिडकॅप’ निर्देशांक वधारला म्हणजे नेमके काय घडले, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कंपन्यांची निवड

समभागांची एकूण संख्या व बाजारभाव यांचा गुणाकार म्हणजे बाजार भांडवल होय. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये म्युच्युअल फंडांसाठी या भांडवलानुसार १०१ ते २५० क्रमांकाच्या कंपन्यांना ‘मध्यम भांडवली’ ठरविले. राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘निफ्टी मिडकॅप १५०’ हा निर्देशांक याच गटाचे प्रतिनिधित्व करतो. १ एप्रिल २००५ हा त्याचा आधारदिनांक असून आधारमूल्य १००० आहे.

गणनेची पद्धत

प्रत्येक कंपनीचा भारांश तिच्या मुक्त समभागांवर ठरतो. २०,००० कोटी रुपये भांडवलाच्या कंपनीत प्रवर्तकांचा वाटा ६० टक्के असल्यास केवळ ८,००० कोटी रुपये हिशेबात येतात. समजा, आधारदिनी सर्व कंपन्यांचे असे भांडवल ५०,००० कोटी होते व आज ते ६०,००० कोटी आहे. तर निर्देशांक १२०० होईल.

यादीचा आढावा वर्षातून दोनदा घेतला जातो. समजा, ५,००० कोटींची कंपनी वगळून ८,००० कोटींची घेतली. बेरीज ६३,००० कोटी होते. परंतु भाव वाढलेले नसल्याने निर्देशांक १२०० वरच राहिला पाहिजे. म्हणून आधारभांडवल ५२,५०० कोटी असे समायोजित केले जाते.

पूर्णा नदीवरील येलदरी धरणाची पातळी एका आकड्यात सांगतात. जलाशयातील पाणी मात्र तेच राहत नाही. निर्देशांकाचेही तसेच आहे. आकडा अखंड चालतो, कंपन्या बदलत राहतात.

अर्थबोध व मर्यादा

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मोठ्या भारांशाच्या थोड्या कंपन्या वधारल्या तरी निर्देशांक वर जाऊ शकतो. त्याच दिवशी अनेक समभाग घसरलेले असू शकतात. दुसरी, घसरून क्रमवारीत खाली गेलेली कंपनी यादीतून बाहेर पडते. परंतु तिचे समभाग घेणाऱ्याकडे ते तसेच राहतात. तसेच मोठी होऊन पहिल्या शंभरात गेलेली कंपनीही वगळली जाते. सबब, निर्देशांकाचा परतावा हा सतत बदलणाऱ्या समूहाचा परतावा असतो. एखाद्या समभागाविषयी ती हमी नव्हे.

चढउतारही येथे तीव्र असतात. २००८ या वर्षात सेन्सेक्स सुमारे ५२ टक्के घसरला, तर मुंबई शेअर बाजाराचा मिडकॅप निर्देशांक सुमारे ६७ टक्के. ६७ टक्के घसरण भरून निघण्यास मूल्य तिप्पट व्हावे लागते.

निष्कर्ष

मध्यम भांडवली निर्देशांक हे बाजाराच्या एका स्तराचे मोजमाप आहे. निवृत्तीस अनेक वर्षे असलेल्या शिक्षकास अशी घसरण सोसून थांबणे शक्य असते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सहकाऱ्यास तेवढा अवधी नसतो. म्हणून निर्देशांकाचा आकडा पाहण्यापूर्वी आपल्या हाती किती वर्षे आहेत, हे पाहणे अगत्याचे ठरते.