पुरानंतर चिम्नी रॉक : एका लहान डोंगरी गांवाचा कारभार

समुद्रावर उठणारें वादळ हें किनाऱ्यावरील लोकांचें संकट होय; डोंगरांत राहणाऱ्यांस त्याची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत किती फसवी आहे, हें २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या एका अगदीं लहान गांवानें अनुभवलें. वादळ तेथवर कसें पोंचलें, आणि दीडशेंहूनही कमी वस्तीच्या त्या गांवाच्या कारभारी मंडळानें आपला गांव पुन्हां उभा करण्यास कसा आरंभ केला, हें समजून घेतल्यास भूगोल व नागरिकशास्त्र या दोन्ही विषयांतील कांहीं गोष्टी आपणांस अधिक स्पष्टपणें कळतील.

या गांवाचें नांव चिम्नी रॉक. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिम भागांत ब्लू रिज नांवाची पर्वताची ओळ आहे. तींत हिकरी नट नांवाची एक अरुंद दरी असून तिच्या तळांतून ब्रॉड नदी वाहते. नदीच्या कांठानें जाणारा एकच मुख्य रस्ता, आणि त्याच्या बाजूंस दुकानें, खानावळी व उतारूंचीं विश्रांतिगृहें, एवढाच काय तो गांव. वर कड्याला लागून सुमारें ३१५ फूट उंचीचा एक दगडी सुळका उभा आहे. तो धुराड्यासारखा दिसतो, म्हणून त्यास चिम्नी रॉक असें नांव पडलें. जवळच ४०४ फूट उंचीचा एक धबधबा आहे. २००७ सालीं राज्यसरकारनें हा सुळका व त्याच्या भोंवतालची जमीन विकत घेऊन तेथें सरकारी उद्यान केलें. गांवाच्या खालच्या बाजूस, नदीला बांध घालून केलेला ल्यूर तलाव आहे. २०२० च्या खानेसुमारींत गांवची लोकसंख्या १४० भरली. उद्यान पाहण्यास येणारे प्रवासी मात्र दरवर्षीं लाखांनीं मोजावे लागत. म्हणजे या गांवाचें पोट शेतीवर अगर कारखान्यावर नव्हे, तर पाहुण्यांवर चाले.

आतां वादळाकडे वळूं. हेलीन नांवाचें चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातांत वाढलें आणि २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्रीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आदळलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें १४० मैल होता. तेथून चिम्नी रॉक साडेतीनशें मैलांहून अधिक दूर आहे. जमिनीवर येतांच चक्रीवादळाचा वारा मंदावूं लागतो, कारण त्याला शक्ति पुरविणारें समुद्राचें उबदार पाणी खालून नाहींसें होतें; परंतु त्यानें उचलून आणलेली वाफ एकाएकीं नष्ट होत नाहीं. हेलीन वेगानें उत्तरेस सरकलें, त्यामुळें ती ओली हवा पर्वतावर जाऊन थडकली. पर्वत चढतांना हवा थंड होते. थंड हवेंत पूर्वींइतकी वाफ मावत नाहीं आणि ती पावसाच्या रूपानें खालीं येते. आपल्याकडे नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रि चढतात तेव्हां महाबळेश्वरास धोधो पाऊस होतो व घाटामागील देशावर मात्र थोडा पडतो, त्याचें कारण हेंच. त्यांतून मुख्य वादळ येण्यापूर्वींच त्या प्रदेशांत मोठा पाऊस होऊन जमीन चिंब झाली होती; नवें पाणी शोषून घेण्यास तिच्यांत जागा उरली नव्हती. ब्युसिक नांवाच्या डोंगरी ठिकाणीं त्या कांहीं दिवसांत ३० इंचांहून अधिक पाऊस नोंदला गेला.

असा प्रसंग त्या डोंगरांस अगदींच नवा होता असें नाहीं. १९१६ सालच्या जुलै महिन्यांत एकामागून एक दोन वादळें येऊन तेथें महापूर आला होता; आल्टापास येथें तर २४ तासांत २२ इंचांवर पाऊस झाला. परंतु शंभर वर्षांचा काळ मनुष्याच्या स्मरणशक्तीस फार मोठा पडतो. शिवाय डोंगरांत सपाट जागा सांपडते ती बहुधा नदीकांठींच. म्हणून वस्ती तेथेंच वाढत गेली.

२७ सप्टेंबर रोजीं नदीनें आपलें पात्र सोडलें. नदीच्या बाजूच्या कित्येक इमारती पायासकट वाहून गेल्या, रस्ता तुटला, आणि उद्यानाकडे जाणारा पूल नाहींसा झाला. घरांचीं लांकडें, उन्मळलेलीं झाडें व इतर सामान यांचा प्रचंड ढीग ल्यूर तलावांत जाऊन पडला. तलावाचा बांध फुटण्याच्या बेतांत आहे, असा इशारा देण्यांत आला. पाणी बांधावरून वाहिलेंही, पण बांध टिकला. संबंध राज्यांत या वादळानें शंभरावर माणसें दगावलीं. पानगळीपूर्वीं तांबडीं-पिवळीं होणारीं रानें पाहण्यास अक्टोबरांत प्रवाशांची गर्दी होते. ऐन त्या हंगामाच्या तोंडावर गांव बुडाला.

चिम्नी रॉकला १९९१ पासून स्वतःचा स्थानिक कारभार आहे. लोकांनीं निवडलेलें एक लहान मंडळ व त्याचे अध्यक्ष, म्हणजे मेयर, तो पाहतात. पुराच्या वेळीं पीटर ओलिअरी हे मेयर होते, आणि गांवांत त्यांचें स्वतःचें दुकान होतें. मोठ्या शहराजवळ इंजिनिअर, हिशेबनीस व वकील यांचीं खातीं असतात. येथें ज्यांनीं गांव सांवरावयाचा तेच शेजारी, तेच दुकानदार, तेच संकटांत सांपडलेले. अशा मंडळानें काय करावें?

पहिली अडचण पैशाची. तेथील स्थानिक संस्थांचें उत्पन्न मुख्यतः जमीन व इमारती यांवरील कर आणि विक्रीकरांतील वांटा यांतून येतें. इमारत वाहून गेली कीं तिचा कर गेला. दुकान बंद पडलें कीं विक्रीकर आटला. म्हणजे खर्च वाढतो त्याच घटकेस उत्पन्न कमी होतें. अशा वेळीं १९८८ सालच्या स्टॅफर्ड कायद्याप्रमाणें मध्यवर्ती सरकार, आपल्या फेमा नांवाच्या खात्यामार्फत, सार्वजनिक कामांच्या खर्चाचा निदान ७५ टक्के भाग सोसतें. परंतु हा पैसा बहुधा मागाहून मिळतो : आधीं काम, मग पावत्या, मग तपासणी, आणि शेवटीं रक्कम. एक लाख डॉलरचें काम असेल, तर ते एक लाख प्रथम कोठून तरी उभे केले पाहिजेत, आणि राहिलेल्या पंचवीस हजारांचीही सोय लावली पाहिजे. म्हणूनच राज्यानें अशा स्थानिक संस्थांसाठीं बिनव्याजी कर्जाची व्यवस्था केली. ढिगारा काढण्यासारख्या तांतडीच्या कामांचा पहिल्या १८० दिवसांचा सगळा खर्च मध्यवर्ती सरकारनें पत्करला होता; ही सवलत पुढें चालू ठेवण्याची राज्याची विनंति मे २०२५ मध्यें नामंजूर झाली. प्रत्येक पावती जपून ठेवणारा कारकून अशा काळीं फावडें मारणाऱ्या मजुराइतकाच उपयोगी असतो, हें यावरून दिसून येईल.

दुसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. प्रथम माणसें वांचविणें. नंतर वाट मोकळी करणें, कारण वाटेवांचून यंत्रेंही येत नाहींत. मग ढिगारा उपसणें, पाणी व वीज आणणें. आणि शेवटीं पाहुण्यांसाठीं दार उघडणें. उद्यानाच्या पुलाच्या जागीं तात्पुरता पूल घालण्यांत आला, आणि २७ जून २०२५ रोजीं, बरोबर नऊ महिन्यांनीं, उद्यान पुन्हां खुलें झालें.

हें सर्व गांवाच्या बळावर झालें नाहीं. तलावांतील ढिगारा काढण्याचें काम सैन्याच्या इंजिनिअर पथकानें चालविलें. पेन्सिल्व्हेनियाहून आमिश पंथाचे ख्रिस्ती लोक आले. हे लोक मोटारगाडी बाळगीत नाहींत व साधेपणानें राहतात, परंतु सुतारकामांत मोठे वाकबगार असतात. त्यांनीं परक्यांचीं दुकानें व घरें मजुरी न घेतां उभीं करून दिलीं. सरकारचा पैसा मोजून व सावकाश येतो. शेजारधर्म न मोजतां व त्वरेनें येतो. संकटांत दोहोंची गरज असते, एकाची जागा दुसऱ्यानें भरून निघत नाहीं.

परंतु सर्वांत कठीण प्रश्न पुढेंच होता : त्याच जागीं पुन्हां बांधावें काय? मध्यवर्ती सरकारच्या पूरविम्याच्या नियमांप्रमाणें, पूररेषेंतील इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किंमतीच्या निम्म्याइतका किंवा त्याहून अधिक असेल, तर ती नव्या नियमांस अनुसरून, म्हणजे बहुधा पुराच्या पातळीहून उंच उचलूनच, बांधावी लागते. हा नियम कठोर भासतो. ज्याचें सर्वस्व गेलें त्याला तो म्हणतो, आधींपेक्षां महाग घर बांध. उलट नियम सैल केला तर पुढच्या पुरांत तीच माणसें पुन्हां धोक्यांत पडतील. मंडळानें आपल्याच शेजाऱ्याला नाहीं म्हणणें किती जड जात असेल, याची कल्पना करावी. तरी लोकनियुक्त अधिकाराचा खरा कस अशाच प्रसंगीं लागतो : आजच्या मतदाराची सोय पाहावयाची, आणि जो अजून जन्मलाही नाहीं त्याचा जीवही राखावयाचा.

खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्या दोन मनुष्यांचा प्रभूनें सांगितलेला दृष्टान्त आपण सर्वांनीं ऐकला आहे. चिम्नी रॉक येथें वरचा खडक जागच्या जागीं उभा राहिला व खालची वस्ती वाहून गेली, हें पाहून तो कोणासही आठवेल. मात्र तेथील लोकांस मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. नदीकांठच्या सपाटीवर आपल्याही कित्येक गांवांची वस्ती आहे. पालकांनीं आपल्या गांवच्या जुन्या पुराची खूण कोठवर आहे हें मुलांस दाखवावें, आणि मुलांनीं मोठेपणीं गांवच्या कारभारांत बसण्याची वेळ येईल तेव्हां ती खूण विसरूं नये.